वर घर, खाली दुकान: बाथमधल्या जॉर्जियन घराचा मूळ आराखडा कसा शोधायचा?

(मंचावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मोजपट्टी

इंग्लंडातल्या बाथ शहरात मिल्सम स्ट्रीटवरचं एक जुनं, जॉर्जियन म्हणजे जॉर्ज नावाच्या राजांच्या काळातलं, घर मोजून त्याचे आराखडे काढायचे आहेत. हा रस्ता १७६० च्या दशकात राहत्या घरांसाठी बांधला गेला, आता जवळपास प्रत्येक घराच्या तळमजल्यावर दुकान आहे. आमचं घर तीन खिडक्या रुंद, आतून साधारण साडेसहा मीटर. खाली तळघर, मग दुकान, वर दोन पूर्ण मजले आणि छपरात खोल्या. घर लिस्टेड आहे, म्हणजे सरकारी यादीतली संरक्षित वास्तू, ग्रेड दोन.

प्रश्न असे आहेत:

तळमजल्यावर मूळचं काहीच दिसत नाही. पुढे काच, वर पांढऱ्या चौकोनी पत्र्यांचं खोटं छत, मागे गोदाम. जुन्या खोल्या कुठून कुठपर्यंत होत्या हे कशावरून ठरवायचं?

काचेच्या मागे दोन बारीक गोल खांब आहेत. वरची दगडी भिंत नेमकी कशावर उभी आहे?

पहिल्या मजल्याच्या मधल्या खिडकीखालून दोन्हीकडे तिरके तडे गेलेत आणि खिडकीचा खालचा दगड मधोमध खचल्यासारखा वाटतो. काळजीचं आहे का?

जिना पहिल्या मजल्यावर सुरू होतो, त्याच्या खाली मागमूसही नाही. वर जायला मागच्या गल्लीतून लोखंडी जिना आहे. असं का?

शेवटचं, दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी दगडाने बंद आहे. ही खिडकीवरच्या कराची कृपा समजायची ना?

ओळंबा

पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाचं सांगतो.

तळमजला आधी विसरा आणि वरून खाली या. अशा घरात दुकानाने खालचा मजला खाल्लेला असतो, पण वरचे मजले बहुधा तसेच राहतात, कारण तिथे खर्च करायला कुणाला सवड नसते. आणि या घरांचा आराखडा फारसा बदलत नाही. दोन बाजूंना शेजाऱ्यांबरोबरच्या सामाईक भिंती, पुढे एक खोली, मागे एक खोली, त्यांच्यामध्ये आडवी भिंत आणि एका कडेला जिना. तळघरात स्वयंपाकघर, तळमजल्यावर जेवणाची आणि बसायची खोली, पहिल्या मजल्यावर पाहुण्यांचा दिवाणखाना, दुसऱ्यावर निजायच्या खोल्या, छपरात नोकर. त्यामुळे पहिला मजला सगळ्यात उंच, त्याच्या खिडक्या सगळ्यात लांब. या ओळीला तिकडे टेरेस म्हणतात. आपली गच्ची नव्हे, एकमेकांना लागून उभी असलेली घरांची रांग.

मोजायला सुरुवात छपरावरून करा. सामाईक भिंतीवरच्या धुराड्यांची तोंडं मोजा. एका शेगडीला एक नळी, म्हणून जेवढी तोंडं तेवढ्या शेगड्या, आणि साधारण तेवढ्या खोल्या. तुमच्या बाजूची तोंडं कुठली आणि शेजाऱ्याची कुठली हे मात्र नीट वेगळं करा, कारण दोघांच्या नळ्या एकाच भिंतीत शेजारी शेजारी असतात.

मग प्रत्येक मजल्यावर छताच्या कडेची गिलाव्याची नक्षी, म्हणजे कॉर्निस, बघा. मूळ खोलीत ती चारही बाजूंना वळून पूर्ण होते. एखाद्या भिंतीला ती नुसती येऊन आदळत असेल तर ती भिंत नंतरची. हा नियम फार क्वचित चुकतो. खोटं छत उघडलंत तर दुकानातही, विशेषतः मागच्या कोपऱ्यांत, कॉर्निसचे तुकडे हमखास सापडतात, कारण काढण्यापेक्षा झाकणं स्वस्त असतं.

जिन्यासाठी पहिल्या मजल्याची जमीन बघा. वरचा जिना जिथे आहे त्याच्या बरोबर खाली फळ्यांचा एक चौकोन वेगळा दिसेल: फळ्या अरुंद, एकसारख्या रुंदीच्या, खिळे नवे. खालून पाहता आलं तर कड्याही, म्हणजे जमीन पेलणारी आडवी लाकडंही, वेगळ्या असतील. हाताच्या करवतीने कापलेल्या जुन्या कडीवर तिरक्या, वेड्यावाकड्या रेघा असतात. यंत्राच्या गोल करवतीच्या रेघा कमानीसारख्या. मूळ कड्या तिथे आडव्या जाड लाकडात येऊन थांबलेल्या दिसल्या की तो जिन्याचा तोडलेला घेर समजा. खालचा टप्पा काढला आणि दुकानाला दहा-बारा चौरस मीटर जागा वाढवली, एवढंच त्यामागचं कारण. त्याची किंमत वरच्या मजल्यांनी मोजली. मागून लोखंडी जिन्याने जाऊन तिथे राहायला कोण येणार? इंग्लंडातल्या बाजारपेठांमध्ये दुकानांवरचे मजले वर्षानुवर्षं रिकामे पडलेले दिसतात, त्याचं हे एक मोठं कारण.

तळघर चुकवू नका. वरची भिंत काढली तरी तिच्या खालची सहसा ठेवतात, त्यामुळे तळघराचा नकाशा म्हणजे तळमजल्याचा हरवलेला नकाशा. पुढच्या बाजूला फुटपाथखाली कमानदार कोठारं असतील, कोळशाची. घर आणि ती कोठारं यांच्यामध्ये मुळात उघडा खोल चौक होता, खालच्या स्वयंपाकघराला उजेड देणारा. दुकान झालं तेव्हा तो वरून झाकला आणि काच पुढे नेली. म्हणजे आजची काच मूळ भिंतीच्या रेषेत आहे की पुढे, हे तळघरातच कळतं.

आणखी एक. मापं मीटरमध्ये घ्या, पण वाचताना फुटांत करा. ६.४ मीटर म्हणजे काहीच नाही. २१ फूट म्हटलं की बांधणाऱ्याचं डोकं दिसतं.

तुळई

दुसरा आणि तिसरा प्रश्न एकच आहे.

तळमजल्याची दर्शनी भिंत कापली की वरचं सगळं एका आडव्या तुळईवर येतं. तिला तिकडे ब्रेसमर म्हणतात. १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत ती बहुधा लाकडी असे, बऱ्याचदा दोन तुळया शेजारी ठेवून मध्ये लोखंडी पट्टी घालून बोल्टने आवळलेली. काचेच्या मागे बारीक गोल खांब म्हणजे जवळपास नक्की ओतीव लोखंड. नंतरच्या कामात पोलादी गर्डर येतात. ओळखायचं कसं? ओतीव खांबावर साच्याच्या जोडाची उभी रेघ बोटाला लागते आणि आतले कोपरे गोलसर असतात. पोलादी गर्डरच्या कडा धारदार असतात आणि पोटावर कधी कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, डॉर्मन लाँग वगैरे. चुंबक लावून काही कळत नाही, दोन्हीला चिकटतो.

भार किती, याचा अंदाज घ्या म्हणजे विषयाचं गांभीर्य कळेल. समजा वरची भिंत १ फूट जाड, ८ मीटर उंच. बाथचा दगड घनमीटरला साधारण २.१ टन. खिडक्यांसाठी एक तृतीयांश वजा केलं तर मीटरला ३.४ टन. मोकळी जागा ५ मीटर धरली तर १७ टन. दोन मजल्यांच्या कड्या दर्शनी भिंतीवर टेकत असतील तर आणखी ६ टन, छपराचा वाटा वेगळा. म्हणजे २५ टनांच्या आसपास वजन एका लाकडावर आणि दोन बारीक खांबांवर. कड्या पुढून मागे जातात की सामाईक भिंतीपासून सामाईक भिंतीपर्यंत, हे आधी बघा. फळ्या ज्या दिशेने, कड्या त्याच्या काटकोनात.

आता तडे. ते वर जाताना एकमेकांकडे झुकतात आणि तळाशी जास्त रुंद आहेत का? तसं असेल तर खालची तुळई मध्ये खाली गेली आहे आणि भिंत स्वतःची कमान करून तिच्यावरून उभी आहे. वरच्या बाजूला रुंद असतील तर उलट, टोकाचा आधार खचतोय. पहिला प्रकार पुष्कळदा जुना आणि थांबलेला असतो. लाकूड दीर्घकाळ भाराखाली हळूहळू वाकतं, मग स्थिरावतं. जुना भरलेला तडा पुन्हा केसासारखा उघडला असेल तर मात्र हालचाल चालू आहे. मापक बसवून महिन्याला एकदा नोंद घ्या, वर्षभर. दोन महिन्यांच्या नोंदीवर निष्कर्ष काढू नका, ऋतूप्रमाणे भिंत थोडी हलतेच.

खरी भीती मध्यभागाची नाही, टोकांची आहे. तुळईची टोकं दगडी खांबांत शिरतात, आणि पावसाच्या पाण्याचा नळ नेमका तिथूनच उतरतो. दुकानाच्या नावाच्या पाटीची पेटी असते, तिच्यामागे काही दिसत नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, टोक भुसभुशीत होतं आणि एका बाजूने भार निसटतो. म्हणून ओल मोजा, आणि बारीक सुईने लाकडाचा विरोध मोजणारं यंत्र मिळालं तर टोकाशी दोन-तीन जागी लावा.

बदलायचीच वेळ आली तर क्रम चुकवून चालत नाही. आधी वरच्या खिडक्यांच्या चौकटींत लाकडी टेकू आणि तिरक्या पट्ट्या ठोकून त्या ताठ करायच्या, नाहीतर भिंत तिथूनच मोडते. मग मजल्यांच्या कड्यांना वेगळे टेकू, ते थेट तळघराच्या जमिनीपर्यंत. मग भिंतीतून आरपार आडव्या पोलादी तुळया, मीटर-सव्वा मीटरच्या अंतराने, आणि त्यांच्या दोन्ही टोकांना खांब. बाहेरचे खांब फुटपाथवर टेकवले तर खालच्या कमानदार कोठारावर भार येतो आणि तो पेलेलच असं नाही. हीच चूक सगळ्यात जास्त होते. कोठाराच्या आतूनही टेकू द्यायचे, किंवा भार त्याच्या पलीकडे न्यायचा. नवी तुळई बसली की वर ३० ते ५० मिलिमीटर फट ठेवून तिच्यात जेमतेम ओलसर, जवळजवळ कोरडा मसाला, १ भाग सिमेंट ३ भाग वाळू, ठोकून ठोकून भरायचा. पातळ ओतलेला मसाला आकसतो आणि भिंत तेवढी खाली येते. टेकू एकदम काढायचे नाहीत, एक-एक करत, तड्यांवर नजर ठेवून.

ओतीव लोखंडाचे खांब दाबाखाली उत्तम, पण धक्का आणि ताण सोसत नाहीत. त्यांना भोक पाडून फळ्या अडकवणं, वेल्डिंग करणं हे दुकान सजवणारे सर्रास करतात. करू देऊ नका.

कडीपाट

तुळई यांच्याशी सहमत, एक पुरवणी. आत मधली आडवी भिंत कुणी काढली आहे का ते आधी तपासा. वरच्या मजल्यांवर ती नुसती पडद्याची भिंत वाटते, लाकडी सांगाडा आणि पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा. पण त्या सांगाड्यात तिरके दांडे असतील तर ती भिंत स्वतःच एक कैची, म्हणजे भार पेलणारा त्रिकोणी सांगाडा, असते आणि वरच्या मजल्याच्या कड्या तिच्यावर लटकलेल्या असतात. त्यातून दार काढण्यासाठी एक दांडा कापला की जमीन दोन-तीन वर्षांत मधोमध खोलगट होते. तुमच्या तड्याचं कारण खालच्या तुळईत नसून तिथे असू शकतं.

तसंच धुराडं. दुकानात भिंतीतून पुढे आलेला शेगडीचा भाग काढून टाकलाय आणि वर तो आहे, असं दिसलं तर वरचे काही टन कशावर आहेत ते शोधल्याशिवाय राहू नका. खोट्या छतात दोन लोखंडी कोन आणि वर विटा, एवढ्यावर भागवलेलं असतं.

आणि वर माल साठवताय का? घरासाठी जमिनीचा भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन (साधारण १५० किलोंचं वजन) धरतात, दुकानासाठी ४. खोकी रचलेलं गोदाम त्याच्याही पुढे जातं. १७६० च्या कड्यांना हा हिशेब कुणी सांगितलेला नाही.

खिडकीपाशी

बुजलेल्या खिडकीबद्दल. खिडक्यांवरचा कर १६९६ ते १८५१ होता हे खरं, पण प्रत्येक बंद खिडकी त्याच्या नावावर खपवायची सवय वाईट. बऱ्याच खिडक्या बांधतानाच आंधळ्या ठेवलेल्या असतात. बाहेरून तीन-तीनची रांग जुळायला हवी आणि आत नेमकी तिथे धुराड्याची नळी किंवा भिंत आलेली. आतून बघा. आत खिडकीचा कोनाडा, लाकडी झडपांची चौकट असं काही असेल तर ती नंतर बंद झाली. सरळ गिलावा आणि बाहेर भरलेला दगड भिंतीच्या थरांशी थर जुळवून असेल तर ती जन्मापासून आंधळी.

खिडक्यांवरून काळ ठरवता येतो, तेही लिहितो. वरखाली सरकणाऱ्या काचेच्या चौकटीच्या, म्हणजे सॅशच्या, आडव्या-उभ्या पट्ट्या १८ व्या शतकाच्या सुरुवातीला जाड, ३०-४० मिलिमीटर. शतक संपताना १५-१६ पर्यंत बारीक. वरच्या सॅशच्या खालच्या टोकांना पुढे आलेली छोटी शिंगं असतील तर ती खिडकी साधारण १८४० नंतरची, कारण मोठी जड काच आली, मधल्या पट्ट्या गेल्या आणि सांधा मजबूत करावा लागला. काचेवरचं अबकारी १८४५ मध्ये उठलं, तिथपासून दुकानांच्या काचाही भराभर मोठ्या झाल्या. आणि बाथमध्ये पहिल्या मजल्याच्या खिडक्यांचे खालचे दगड १९ व्या शतकात खाली उतरवण्याची फॅशन होती. तुमच्या मधल्या खिडकीखालचा दगड खचलाय म्हणता, तो मुळात त्या जागी होता का तेही बघा. खिडकीखालची भिंत कमी केली की तुळईवरची भिंत आणखी लवचीक होते.

मोजपट्टी

फार उपयोगी. तडे मोजले: तळाशी ३ मिलिमीटर, वर जाईपर्यंत केसाएवढे, आणि एकमेकांकडे झुकलेले. म्हणजे तुळई मध्ये बसली आहे. टोकं बघायला पाटीची पेटी उघडावी लागेल. छताचे पत्रे काढणं, पेटी उघडणं यालाही परवानगी लागते का? आणि दुकानाची लाकडी दर्शनी बाजू जुनी आहे की नकली, हे कळेल का? वरच्या दगडावर जागोजागी राखाडी सिमेंटने दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरल्यात, त्यांचं काय करायचं?

चुनेगच्ची

दगडापासून सुरू करतो.

बाथचा दगड म्हणजे मऊ, सच्छिद्र चुनखडक. खाणीतून काढल्यावर सहज घडवता येतो, म्हणून मूळ सांधे २-३ मिलिमीटरचे, चुन्याच्या बारीक लगद्याचे. सिमेंट त्या दगडापेक्षा घट्ट. भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडायचं, ते आता दगडातून पडतं, क्षार तिथेच गोठतात आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंचा दगड खड्ड्यासारखा झडतो, सिमेंट मात्र शिडीसारखं पुढे उभं राहतं. काढताना ग्राइंडर लावू नका. ३ मिलिमीटरच्या सांध्यात ४ मिलिमीटरची चकती गेली की दगडाची कड कायमची गेली. बारीक करवतीचं पातं आणि छिन्नी, आणि जे सिमेंट सहज सुटत नाही ते राहू द्या. भरायला मुरवलेला चुना १ भाग, चाळलेली दगडाची भुकटी अडीच ते तीन भाग. आधी सांधा ओला करा. थंडी पडायच्या आत काम संपवा, ओला चुना गोठला की पीठ होतो.

छपरे आणि कॉर्निसखाली, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे काळी खपली असेल. कोळशाच्या धुरातला गंधक आणि दगडातला चुना मिळून झालेलं जिप्सम. ती वाळूच्या फवाऱ्याने उडवायची नाही. पाण्याचा बारीक तुषार तासन्‌तास देऊन मऊ करायची, आणि पाणी आत मुरतंय का ते आतून कुणीतरी बघत राहायचं. दगड एकमेकांना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या आत गंजल्या की फुगून दगड फोडतात, कोपऱ्याचा एखादा तुकडा सुटून आला तर आधी तिथे संशय घ्या.

आता दुकानाची बाजू. नीट बांधलेल्या जुन्या दर्शनीचे भाग ठरलेले: दोन्ही कडांना चपटे खांब, त्यांच्या डोक्यावर नक्षीचे घोडे, म्हणजे ब्रॅकेट, दोन घोड्यांच्या मध्ये पाटीची पट्टी, तिच्यावर कॉर्निस आणि शिसाचा पत्रा, काचेखाली गुडघाभर उंचीचा लाकडी किंवा दगडी भाग. नकली ओळखायची असेल तर पट्टी बघा. जुनी पट्टी बहुधा दीड-दोन फुटांची आणि थोडी खाली झुकलेली असते. १९६०-७० च्या दशकांतली पेटी मीटरभर उंच असते आणि पहिल्या मजल्याच्या खिडक्यांना जवळजवळ शिवते. अशा पेटीच्या आत जुने घोडे आणि कॉर्निस जिवंत सापडायची चांगली शक्यता असते. दोन घोड्यांमधलं अंतर पाटीच्या रुंदीपेक्षा कमी असेल तर समजा मधे कधीतरी दोन दुकानांचं एक झालं.

कॉर्निसवरचा शिसाचा पत्रा हा या सगळ्या लाकडाचा छत्री-रक्षक. तो भिंतीत किमान २५ मिलिमीटर खाचेत शिरलेला हवा. तुकडे लांब केले की उन्हाथंडीत फाटतात. मध्यम जाडीच्या पत्र्याला दीड मीटरच्या पुढे जाऊ नका. तीच गोष्ट छपराची. या घरांची पुढची पन्हळ कठड्यामागे लपलेली असते आणि बाथमध्ये तिचं पाणी पुष्कळदा छपराच्या पोटातून लाकडी, शिसं लावलेल्या पन्हळीतून मागे नेलेलं असतं. वर कुणी राहत नसेल तर ती तुंबल्याचं तेव्हाच कळतं जेव्हा पाणी दुकानात टपकतं. तोपर्यंत तीन मजले भिजलेले. शरद ऋतूत पानं गळून झाल्यावर एकदा आणि वसंतात एकदा, वर जाऊन हाताने साफ करा. दुसरा मार्ग नाही.

नियमावली

परवानगीबद्दल. इंग्लंडात लिस्टेड इमारतीचं संरक्षण फक्त दर्शनी भागापुरतं नसतं. आतला जिना, कॉर्निस, पडद्याची भिंत, तळघर, ग्रेड दोन असलं तरी सगळं त्यात येतं. इमारतीच्या वैशिष्ट्यावर परिणाम होईल असा बदल परवानगीशिवाय केला तर तो गुन्हा आहे, १९९० च्या कायद्याखाली, आणि कारवाईला मुदत संपण्याची सोय नाही. म्हणजे मागच्या मालकाने काढलेला जिना नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो. घर विकत घेताना वकिलाला हे आवर्जून विचारतात. परवानगीच्या अर्जाला शुल्क नाही, पण आराखडे आणि कारणमीमांसा पक्की लागते.

तुमच्या कामापुरतं: आधुनिक छताचा सुटा पत्रा उचलून डोकावणं, फोटो काढणं, यात अडचण नाही. जुन्या गिलाव्याला भोक पाडायचं असेल, तुळईचं टोक बघायला जुनी फळी काढायची असेल, तर आधी नगरपालिकेच्या संवर्धन अधिकाऱ्याला ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या. पुष्कळदा १२ मिलिमीटरच्या भोकातून नळीचा कॅमेरा घातला तरी काम होतं.

त्याच्याही आधी ॲसबेस्टॉस. ब्रिटनमध्ये ते पूर्ण बंद झालं १९९९ मध्ये. १९६०-७० च्या दशकांत तुळया आणि लोखंडी खांब आगीपासून वाचवायला त्याच्याच मऊ पांढऱ्या पाट्या लावत. तुमच्या खांबांभोवती किंवा पाटीच्या पेटीत तशी पाटी दिसली तर स्क्रू सुद्धा फिरवू नका. दुकानदाराकडे ॲसबेस्टॉसची नोंदवही असायला हवी, ती आधी मागा. उघडझाप करायची तर वेगळी तपासणी लागते, नोंदवही पुरत नाही.

वापराबद्दल गोंधळ होतो म्हणून सांगतो. २०२० पासून दुकान, कॅफे, कचेरी हे सगळं ई या एकाच वर्गात आहे, त्यामुळे दुकानाचं कॅफे करायला वापरबदलाची परवानगी लागत नाही. पण कॅफेसाठी धुराचा पाइप धुराड्यातून न्यायचा म्हटलं की लिस्टेड परवानगी लागते. वापर आणि भिंत हे दोन वेगळे प्रश्न. ई वर्गातून घरात बदलायची जी सोपी वाट आहे ती लिस्टेड इमारतींना लागू नाही, पूर्ण अर्ज करावा लागतो.

जिना परत आणायचा विचार मालकाच्या मनात असेल तर आराखड्यात तो भाग नीट दाखवा. दुकानातून न जाणारा वेगळा दरवाजा, त्याच्यामागे दीड मीटर रुंदीची बोळ आणि जुन्या जागी टप्पा. दुकानाच्या रुंदीतून एवढी पट्टी गेली तर वरचे तीन मजले वापरात येतात. दुकान आणि ही बोळ यांच्यामध्ये तासभर आग अडवणारी भिंत लागेल. वरच्या जुन्या पॅनेलच्या दारांना फेकून द्यायची गरज नसते; पातळ पॅनेलवर उष्णतेत फुगणारा कागद किंवा रंग आणि कडेला तशीच पट्टी लावून बरंच जमतं, पण ते दाराच्या जाडीवर अवलंबून. जाडी मोजून ठेवा.

ओळंबा

नियमावली यांनी जिन्याचा विषय काढला म्हणून एक. मिल्सम स्ट्रीट वर चढत जाणारा रस्ता आहे, आणि १८३१ मध्ये तिथे सुरू झालेलं जॉलीचं मोठं दुकान कितीतरी घरं आतून जोडून वाढलं. त्यामुळे शेजारच्या घरातला जिना वापरून तुमच्या वरच्या मजल्यांवर जायची सोय कुठल्यातरी काळात केली असण्याची शक्यता आहे. सामाईक भिंतीत प्रत्येक मजल्यावर बुजवलेलं दार शोधा. दोन्हीकडच्या जमिनींत एक-दोन पायऱ्यांचा फरक असेल, रस्त्याचा चढ तो. ठोकून पोकळ आवाज आला तरी घाई करू नका, धुराड्याची नळी असू शकते.

मूळ तळमजला कसा दिसत असेल याचा अंदाज हवा असेल तर त्याच रस्त्यावरची समरसेटशायर बिल्डिंग्ज बघा, थॉमस बाल्डविनने १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेली रांग. तळमजल्याला खोल खाचांचा दगड, वर कोरिंथियन, म्हणजे डोक्यावर पानांची नक्षी असलेले, स्तंभ, मधलं घर पुढे फुगलेलं. तुमचं घर त्यापेक्षा साधं असणार, पण तळमजल्याची भिंत आणि खिडक्यांचं वरच्या मजल्यांशी नातं तिथे समजतं.

जुन्या नकाशांपैकी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा संस्थेचे १९ व्या शतकातले मोठ्या प्रमाणाचे शहरी नकाशे आधी काढा. दर्शनी रेषा तेव्हा कुठे होती ते त्यावर कळतं.

मोजपट्टी

तळघरात जाऊन आलो. मधल्या भिंतीच्या रेषेत अर्ध्या भागात दगडी भिंत, उरलेल्या भागात विटांचे दोन खांब. पुढच्या बाजूला काच मूळ भिंतीच्या ७५० मिलिमीटर पुढे. तुळईच्या डाव्या टोकाखालच्या दगडी खांबावर हिरवट ओल आहे. उजवं टोक कोरडं.

तुळई

डाव्या बाजूला वरून येणारा पावसाचा नळ भिंतीत गाडलेला आहे का ते बघा, आणि पाऊस पडत असताना बघा, उन्हात नाही. नळाच्या वरच्या पेटीत कबुतराचं घरटं किंवा फुटलेला सांधा, बहुतेक दोन्हींपैकी एक. तो आधी दुरुस्त करून घ्या, मग टोकाची ओल मोजा. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. आकडा उतरला तर कदाचित टोकाला बाजूने पोलादी पट्ट्या लावून भागेल, तुळई बदलायची गरज पडणार नाही.

विटांचे खांब मात्र मूळचे नाहीत. त्यांच्यावर दुकानाच्या जमिनीच्या वर काय होतं आणि ते आता कुठे गेलं, ते कडीपाट यांनी सांगितलंय त्याप्रमाणे वरच्या मजल्याच्या पडद्याच्या भिंतीत शोधा. आणि त्या विटांची उंची मोजा, चार थर आणि चार सांधे मिळून. काम कुठल्या काळातलं याचा थोडा अंदाज त्यावरून येतो.